पथ्य नसलेली गोळी

औषधाला पथ्य नसेल तर ते औषध कसलं, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत आहे. फुलंब्रीजवळच्या त्यांच्या गावातला वैद्य साध्या खोकल्यावरही आधी काय खायचं नाही ते सांगायचा आणि मग पुडी बांधायचा. वांगं बंद, आंबट बंद, तेलकट बंद, एवढं ऐकलं की अर्धा आजार तिथंच बरा व्हायचा. त्यामुळं आठ वर्षांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्या नवऱ्याला गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिला प्रश्न विचारला तो, "पथ्य काय?" डॉक्टर म्हणाले, "काही नाही आजी. रोज खातात तसंच खाऊ द्या, भरपूर पाणी पिऊ द्या. मीठ-पाण्यात एकदम काही बदल करू नका, बस." बाहेर आल्यावर आत्याबाई जिन्यातच थांबल्या. "याला काय येतंय," त्या म्हणाल्या. "पथ्यच ठावं नाय त्याला." मीही डॉक्टरांचं वाक्य ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं.

मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. संशय हा माझ्या धंद्याचा भाग आहे असं मी लोकांना सांगते, पण खरं तर तो माझा स्वभाव आहे. भाजीवाल्याचा काटा, टँकरच्या पाण्याचा रंग, वहीच्या मागच्या पानावरची पालकांची सही, यांतलं काहीही मी पहिल्या नजरेत खरं मानत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात. आमच्या घरात औषध होतं, पण ते दुसऱ्यासाठी होतं, आणि त्याच्यावर पाळत ठेवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

हे, म्हणजे माझा नवरा (आमच्याकडं अजून अहो-जाहोच चालतं), वाळूजला एका कारखान्यात फिटर आहेत. माणूस मितभाषी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं यांना कोणती भाजी आवडते तेही मला कळलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी एका आठवड्यात हा माणूस पार बदलला. झोपेनात. बोलायला लागले ते थांबेनात. सगळ्यांचे मिक्सर फुकट दुरुस्त करून देतो म्हणत गल्लीतून घरोघर फिरून मिक्सर गोळा केले आणि हॉलमध्ये एकदम सगळे उघडले. बावीस मिक्सर. स्क्रू, वायरी, पाती, भांडी यांच्या मधोमध बसून हे मला सांगत होते की कधीच न बिघडणारा मिक्सर यांच्या डोक्यात तयार आहे, फक्त मी मध्ये तोंड घालू नये. पाचव्या दिवशी मी तोंड घातलं, तेव्हा माझ्यावर पाना उगारला. मारला नाही, पण उगारला.

गोळ्यांनी हे ताळ्यावर आले. नोकरी टिकली, गल्लीतल्या लोकांना मिक्सर परत मिळाले, आणि लोक हळूहळू विसरलेही. मी नाही विसरले. त्या दिवसापासून मी पहाऱ्यालाच बसले म्हणा ना. हे जरा जोरात हसले तरी माझे कान टवकारायचे. जास्त बोलले, भाजीला नाव ठेवलं, कंपनीतल्या कुणाला शिव्या घातल्या, की मी शांत आवाजात विचारायची, "अहो, गोळी घेतली ना?" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पाणीसुद्धा फुंकत होते. ती गोळी होती म्हणून हा माणूस माझ्या घरात होता. ती सुटली तर मिक्सरचे दिवस परत येणार, आणि दुसऱ्यांदा मला ते झेपणार नाहीत, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

गोळीत लिथियम आहे. हा विषय मला तोंडपाठ. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू, चाकूनं कापता येईल इतका मऊ. ताजा कापला की चांदीसारखा चकाकतो आणि बघता बघता काळपट पडतो, कारण हवेतल्या प्रत्येकाशी त्याला लगेच सोयरीक करायची असते. पाण्यात टाकला तर तरंगतो आणि फसफसत संपून जातो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम आहे, तो रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवतात. लिथियम रॉकेलवरही तरंगेल, त्याला तसा ठेवायची सोय नाही. असला हा उतावळा धातू निसर्गात एकटा कधी सापडत नाही, कायम कुणाशी तरी जोडी जमवून क्षाराच्या रूपात असतो. क्षार झाला की गरीब होतो, मग तो माणसाला गिळताही येतो. मोबाइलच्या बॅटरीत तोच आहे, गल्लीतल्या विजेच्या स्कूटरमध्ये तोच आहे. कारखान्यात बेअरिंगला जे ग्रीस लावतात त्यात लिथियमचा साबण असतो, म्हणून ते उन्हाळ्यात पातळ होऊन गळत नाही. हे रोज तोच धातू नखांत घेऊन घरी यायचे आणि जेवण झाल्यावर तोच धातू गिळायचे. मला याची गंमत वाटायची.

आवर्तसारणीत पहिल्या गणात लिथियमच्या खाली सोडियम आणि त्याच्या खाली पोटॅशियम. या तिघांचं त्रिक परीक्षेला हमखास येतं. "तिघं सख्खे भाऊ," मी फळ्यावर एकाखाली एक लिहून सांगते, "गुणधर्म इतके सारखे की परक्या माणसाची ओळखण्यात गल्लत व्हावी." दर वर्षी सांगते, त्याच शब्दांत.

आमच्या शहराच्या कडेला सातारा परिसर नावाची वस्ती आहे, तिथं आम्ही राहतो. बोअरचं पाणी जड आहे. नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, आणि त्याला सगळी गल्ली क्षार म्हणते. कुणाला मुतखडा झाला की दोष क्षारांचा, केस गळाले तरी क्षारांचा. आत्याबाई तर ते पातेलं चिंच लावून घासताना क्षारांना नावं ठेवत बसायच्या.

यंदा पाडव्याच्या दिवशी टीव्हीवर कुठल्याशा गावात विजेची स्कूटर जळाल्याची बातमी चालली होती. बॅटरीनं पेट घेतला, बॅटरीत लिथियम असतं, असं निवेदक सांगत होता. लिथियम हा शब्द आत्याबाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी उठून गोळ्यांची पट्टी आणली आणि माझ्यासमोर धरली.

"ह्यात बी त्येच हाय ना गं?"

मी पुरणपोळ्या लाटत होते. लाटता लाटता शिकवायची सवय. "धातू नाही हो आत्याबाई, धातूचा क्षार आहे. मीठ कसं सोडियमचा क्षार, तशी ही गोळी लिथियमचा क्षार. घाबरायचं काही नाही."

"क्षार हाय व्हय," आत्याबाई म्हणाल्या, आणि पट्टी जागेवर ठेवून दिली. पुढं काही विचारलं नाही. विद्यार्थी गप्प बसला की त्याला समजलं, असं धरून चालायची चूक मी वीस वर्षं करत आले आहे.

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. मी सहाला घर सोडते, म्हणून डब्याचं आणि घरातलं सगळं आत्याबाई बघतात. संध्याकाळी मला पेपर तपासायचे होते, त्यामुळं त्या दिवसांत रात्रीचा स्वयंपाकही त्यांच्याकडंच होता. यांच्या रक्तातलं लिथियम दर तीन महिन्यांनी तपासायचं असतं. ती तारीखही मी पेपर संपेपर्यंत पुढं ढकलली. आठ वर्षांत कधी काही कमी-जास्त निघालं नव्हतं, आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा माझा माझ्या डोळ्यांवर जास्त भरवसा होता.

पाडव्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी यांचा हात थरथरायला लागला. थोडी थरथर गोळीमुळं आधीपासून होती, पण आता कप बशीवर वाजायला लागला. मग शर्टाचं बटण लागेना. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी यायचे ते भिंतीला हात लावत. बोलताना जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मी पाहत होते. झोकांड्या, जड जीभ, लाल डोळे: मला तर एकच अर्थ लागला. हे प्यायला लागले होते.

मी वास घेऊन पाहिला. पाण्याचा पेला देण्याच्या निमित्तानं जवळ जायची, बनियन धुवायला टाकताना हुंगायची. घामाचा आणि ग्रीसचा वास, बाकी काही नाही. वास न येणारीही मिळत असेल, असं मी मनाशी म्हणाले. बीड बायपासला दुकानं काय कमी आहेत?

शेवटी एका दुपारी घरी न सांगता मी बसच्या थांब्यावर गेले. चैत्राचं ऊन. आमच्या शहरात या दिवसांत प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळूनच फिरते, त्यामुळं मला कुणी ओळखायचा प्रश्न नव्हता. रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. साडेचारला बस आली. हे दांडीला धरून एक एक पायरी उतरले, चार पावलं टाकली आणि कडेच्या दगडावर बसले. पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा संपवली. मग दुसरी काढली. माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी धावत गेले, ती बाटली यांच्या हातातून ओढून घेतली आणि तोंडाला लावली.

पाणी होतं. कोमट, प्लॅस्टिकचा वास मारणारं पाणी.

रसवंतीवरची माणसं बघत होती. यांनी माझ्याकडं पाहिलं, स्कार्फमधून ओळखलं, आणि तू इथं कशी हेसुद्धा विचारलं नाही. "लई तहान लागतीये गं," एवढंच म्हणाले. मग उठायला हात पुढं केला. "चल घरी. ऊन हाय."

माणसाला लाज वाटावी असा हा प्रसंग. पण मला तेव्हा लाज वाटली नाही. घरी येईपर्यंत मी दुसरा तर्क बांधला होता: दारू नाही, म्हणजे गोळी सोडलीय. आल्या आल्या पट्ट्या काढून गोळ्या मोजल्या. बरोबर जितक्या हव्या तितक्याच उरल्या होत्या. गोळ्या जुळल्या तेव्हा तर मला जास्तच संशय आला. म्हणजे पट्टीतून काढतात आणि गिळत नाहीत. मग मी मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरली, बेसिनची जाळी उचलली, यांच्या सगळ्या पँटचे खिसे उलटे केले. नटबोल्ट सापडले, गोळी नाही सापडली.

त्याच दिवसांत घरात आणखी एक गोष्ट रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होती. आत्याबाई भाजी फोडणीला टाकून शिजवायच्या आणि तिच्यातून यांची वाटी आधीच बाजूला काढून झाकून ठेवायच्या. जेवायला बसलं की ती वाटी त्या स्वतःच्या हातानं यांच्या ताटात ठेवायच्या. लेकाला तूप घातलेली भाजी आणि सुनेला साधी, असा सरळ अर्थ मी लावला. आपल्याकडच्या सगळ्या सुनांनी असल्या वाट्या पाहिल्यात, त्यात नवीन काही नाही. मला राग यायचा, पण झाकण काढून बघणं मला कमीपणाचं वाटायचं. हे ती भाजी खाली मान घालून खायचे. एक शब्द बोलायचे नाहीत.

मग तो शनिवार. दुपारपासून यांना दोनदा उलटी झाली, पोटही बिघडलं. आत्याबाईंनी लिंबू-साखरेचं पाणी दिलं. संध्याकाळी चार घास खाऊन हे म्हणाले, "आज गोळी राहू दे. लई मळमळतंय."

आठ वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते हेच, असं मला वाटलं. चोर सापडला. मी पट्टी घेऊन समोर उभी राहिले. "नाटकं पुरे," मी म्हणाले. "माझ्यासमोर घ्या."

यांनी घेतली. मी म्हणाले, "तोंड उघडा." उघडलं. "जीभ वर करा." केली. पन्नाशीला आलेला माणूस, ओठाच्या कडेनं पाणी ओघळतंय, आणि मी दिव्याखाली त्याचं तोंड तपासतेय. शाळेत वर्गातल्या सगळ्यांत वाह्यात कार्ट्याशीही मी कधी अशी वागलेली नाही. यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडं वळून झोपले.

सकाळी हे पलंगावरून उठले आणि तसेच खाली बसले. उठवून उभं केलं तर पाय ठरेनात. "बस गेली का?" असं विचारलं. मी म्हणाले, आज रविवार आहे. दोन मिनिटांनी पुन्हा, "बस गेली का?" तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, हातांना मोठे मोठे झटके. हे वेगळं आहे, हे मिक्सरच्या दिवसांसारखं अजिबात नाही, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. वाटेत आत्याबाई यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी गोळ्यांची पट्टी मुठीत धरून बसले होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पट्टी बघताच त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं आणि मला एकामागून एक प्रश्न विचारले. डोस कुणी वाढवला का? नाही. अंगदुखीच्या गोळ्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या? नाही. शेवटची गोळी कधी घेतली? "काल संध्याकाळी," मी म्हणाले. "हे नको म्हणत होते. मी बळंच दिली." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, फक्त लिहून घेतलं. मग विचारलं, "जेवणात मीठ कमी केलंय का?"

"नाही," मी म्हणाले. हे उत्तर मला नक्की माहीत होतं.

"केलंय की," मागून आत्याबाई म्हणाल्या. "पाडव्यापासनं त्याच्या अन्नात मिठाचा खडा बी पडू दिला नाय म्या. भाजी शिजली की त्याची वाटी आधी काढती आन् मग बाकीच्यात मीठ घालती. लोनचं नाय, पापड नाय. डब्यात बी नाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बोट केलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. "ह्या मास्तरीणबाईनंच. म्हनली, गोळी म्हंजी क्षार हाय आन् मीठ बी क्षार हाय. नळाची तोटी बंद पडती क्षारानं, मग दोन दोन क्षार लेकराच्या अंगाला कसं सोसावं? गोळी तर बंद करता येत नाय. मंग मीठ बंद केलं. आठ वर्सं त्याला कुनी पथ्यच सांगितलं नव्हतं."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. अंगात मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते, बाहेर जाऊ देत नाही. लिथियम दिसायला-वागायला सोडियमसारखं, किडनीला दोघांतला फरक नीट कळत नाही, ती त्यालाही धरून ठेवते. रोज एक गोळी आत जाते आणि बाहेर फारसं काही जात नाही. त्यात ऊन, कारखान्यातला घाम, कालच्या उलट्या. जे औषध होतं तेच अंगात साठून विष झालं. मी मान डोलवत होते, कारण मला यातलं काहीच नवीन नव्हतं. सख्खे भाऊ, ओळखण्यात गल्लत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कुंडीतली माती उकरून पाहिली मी, खिसे उलटे केले, रस्त्यात माणसाच्या हातातून बाटली हिसकावली, आणि रोज ताटात समोर येणारी ती वाटी तेवढी उघडली नाही.

रक्ताचा कागद आला. लिथियम असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. पुढचे दोन दिवस अवघड आहेत, किडनीनं साथ दिली नाही तर डायलिसिस लागेल, आणि मेंदूवर काही परिणाम राहतो का ते नंतरच कळेल, असं त्यांनी सांगितलं. सलाइन लावलं. आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून बाटलीतून पडणारे थेंब बघत होत्या.

"काय हाय त्यात?" त्यांनी मला विचारलं.

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण सुचलं नाही. "मीठ आणि पाणी," मी म्हणाले.

आत्याबाई तिथंच जमिनीवर बसल्या. पदर तोंडात धरला. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी लेकाला मीठ दिलं नाही, हे नको म्हणत असताना मी गोळी दिली; कुणी कुणाला काय म्हणायचं? दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी चहा घे, पाणी घे याच्यापलीकडं बोललो नाही. त्यांना वाटत असणार की मी त्यांना दोष देतेय. मला वाटत होतं की त्या मला देतायत. मी यांच्या चेहऱ्याकडं बघत बसायची आणि पहिल्यांदाच मला मिक्सरच्या दिवसांची भीती वाटत नव्हती. हे उठून बसू देत, वाटलं तर सगळ्या शहराचे मिक्सर उघडू देत, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

डायलिसिस लागलं नाही. तिसऱ्या दिवशी यांची नजर साफ झाली. पेज दिली, मीठ घातलेली. दोन चमचे खाल्ल्यावर हे म्हणाले, "चव आली."

तेव्हा मी विचारलं. राग नव्हता, पण माझा आवाज मलाच पेपर तपासणाऱ्या बाईचा वाटला. "तीन-साडेतीन आठवडे अळणी जेवत होतात तुम्ही. एका शब्दानं बोलला नाहीत?"

"कुणाला बोलायचं?" हे म्हणाले. जीभ अजून थोडी जड होती, म्हणून सावकाश बोलत होते. "आई म्हणाली पथ्य हाय. मला वाटलं, डॉक्टरनं तुला सांगितलं असेल. पहिल्या आठवड्यात एकदा वाटलं, म्हणावं, हे अन्न गिळत नाय. पण मी जेवणाला नाव ठेवलं की तू माझ्याकडं बघतीस. मग गोळी घेतली का विचारतीस. आठ वर्षं झाली, मी घरात आवाज चढवत नाय. भाजी खारट असो, अळणी असो, चांगलीच म्हणतो. तुला भ्या वाटू नये म्हणून."

मी समजत होते की गोळीनं हा माणूस शांत झाला. गोळीनं ताळ्यावर आणलं होतं, हे खरं. पण गप्प मी केलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञांनी पंधरा दिवस थांबून गोळी पुन्हा सुरू केली, आधीपेक्षा कमी. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग महिन्याला. निघताना हे डॉक्टरांसमोरच मला म्हणाले, "रक्ताचा कागद दर वेळी तुला दाखवीन. त्यात खोट निघाली तर काय वाटेल ते विचार. पण मधल्या दिवसांत गोळीचं विचारायचं नाय. मोजायच्या नाय. एवढं पथ्य तू पाळ." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. आत्याबाईंनीही पाहिलं. मी हो म्हणाले.

हो म्हणणं सोपं असतं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा कपाटापर्यंत जाऊन परत आले. हे एकदा शीळ घालत अंघोळीला गेले, तेव्हा माझा हात पिठात तसाच राहिला. आत्याबाई स्वयंपाकघरात यायलाच तयार नव्हत्या. यांनी हाताला धरून आणलं तर पहिल्या दिवशी त्यांनी वरणात इतकं मीठ घातलं की तिघांनी दोन दोन तांबे पाणी प्यायलं. कुणी काही म्हणालं नाही. आम्ही अजून एकमेकांना जपत होतो.

मग महिन्याभरानं एका दुपारी मी शेवग्याची आमटी केली होती. हे सुट्टीवर होते. एक भुरका मारला आणि वाटी बाजूला सारली. "ही आमटी हाय का शेंगा धुतलेलं पाणी?" हे म्हणाले. "माझी आई सत्तरीत बरी करती हिच्यापेक्षा." आवाज चढलेला होता. आठ वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या तोंडात प्रश्न तयार झाला, आणि मी तो गिळला. मग त्या जागी दुसरंच काही बाहेर पडलं. सहाला घर सोडून, चाळीस पोरांपुढं घसा फोडून, उन्हात येऊन आमटी कोण करतं, असं मी विचारलं. स्वतः कधी एक शेंग तरी सोललीत का, असं विचारलं. यांनी बसच्या थांब्यावरचं काढलं. मी मिक्सरचं काढलं. यांनी तोंड उघडायला लावलेलं काढलं, तेव्हा मी रडले आणि रडत रडतही भांडले. आत्याबाई दोन्ही वाट्या उचलून शेजारी निघून गेल्या. भांडण तासभर चाललं. त्या तासात मला गोळ्या एकदाच आठवल्या.